कोरडी जागा

"तो डबा उचल तिथून," धोंडीराम म्हणाला.

भिमाजीनं ऐकलं, पण हात पुढे केला नाही. तो नुकताच पावसातून धावत आला होता. केसांतून पाणी ठिबकत होतं. जेवणाच्या शेडचे पत्रे चार ठिकाणी गळत होते. कोरडी जागा म्हणजे भिंतीलगतचं बाकडं तेवढं. त्याच्या टोकाला भिमाजीनं आपला डबा टेकवला होता.

"ऐकू येत नाही का?"

"लय पाऊस हाय, पाटील. आजच्या दिस बसतो टोकाला."

धोंडीरामनं शेजारचा पाना उचलला आणि पान्याच्या टोकानं तो डबा ढकलून दिला. डबा खाली आपटला, झाकण उडालं आणि कुळथाची शेंगोळी चिखलाच्या पाण्यात पसरली.

झुंबर रोज कशालाही हसायचा. आज त्यानंही आपल्या भाकरीत डोकं घातलं.

"पाटील, हे बरं नाही केलंत," वेल्डर महेबूब म्हणाला. "मी मुसलमान. माझ्या डब्यातलं कालवण चालतं तुम्हाला. मग याचंच काय?"

"तुझं वेगळं, याचं वेगळं."

"काय वेगळं?"

धोंडीरामनं भाकरी मोडली, पण घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला.

भिमाजी खाली उकिडवा बसला. चिखलातली शेंगोळी झाकणात गोळा करू लागला. "आईनं पहाटं उठून केलं व्हतं," तो म्हणाला. कुणाला उद्देशून म्हणाला, कळलं नाही.

"मग आईकडंच जा खायला," धोंडीराम ओरडला. "इथं कोण बोलवायला आलं होतं?"

भिमाजीनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. महेबूबनं आपली अर्धी भाकरी त्याच्या हातावर ठेवली. ती त्यानं उभ्यानं, गळत्या पत्र्याखाली खाल्ली.

आणीबाणी उठून दोन वर्षं झाली होती. सातपूरच्या त्या वर्कशॉपात धोंडीरामला अकरावं वर्ष चालू होतं. लेथवर त्याचा हात बसलेला, साहेबांचा त्याच्यावर भरवसा. गळ्यात माळ, एकादशी कडक. गाव विचारलं की 'तिकडं खानदेशात' म्हणायचा. सणावारालाही कधी जायचा नाही. तिकडं आता कोण राहिलंय, म्हणायचा.

भिमाजीला येऊन महिना होत आला होता. सिन्नरच्या पलीकडून पहिल्या एस.टी.नं यायचा. आल्या दिवशीच त्यानं सगळ्यांना मोठ्यानं 'जय भीम' घातला होता. कुणाला काही विचारायची गरजच उरली नाही. त्या दुपारी धोंडीरामनं त्याला बाकड्यावरून उठवलं, तेव्हापासून तो आवारातल्या लिंबाखाली जेवायचा.

आणि तेव्हापासून धोंडीरामला अन्न गोड लागत नव्हतं. हा माणूस कामात कसूर करत नव्हता, उलट उत्तर देत नव्हता. नुसता बघायचा. मशीनवरून मान वर केली की ते दोन डोळे आपल्यावर रोखलेले. घरी पाठ टेकली तरी ते डोळे समोर यायचे. हा इथून गेला पाहिजे, एवढंच धोंडीरामच्या मनात घोळत राहायचं.

आज ती संधी होती. नव्या माणसाचा महिना भरला की त्याला ठेवायचं की नाही, हे साहेब धोंडीरामलाच विचारायचे.

तीन वाजता दोघांना केबिनमध्ये बोलावणं आलं.

"काय पाटील, कसा आहे हा?"

"हात चालत नाही, साहेब. मापं चुकतात. काल तीन पितळी बुश वाया घालवले यानं. शिवाय हा आल्यापासून जेवणाच्या सुट्टीत रोज कटकट."

ते तीन बुश धोंडीरामच्याच हातून बिघडले होते. लक्षच नव्हतं त्याचं. आणि भिमाजीनं ते शेजारच्या मशीनवरून पाहिलं होतं.

साहेबांनी चष्मा काढला. "तुझं काही म्हणणं आहे?"

भिमाजी धोंडीरामकडे पाहत राहिला. बाहेर पन्हळीचं पाणी धो धो पडत होतं. धोंडीरामचा हात नकळत गळ्यातल्या माळेवर गेला. हा आता तोंड उघडणार. उघडलं की आपण संपलो.

"काय नाय, साहेब."

"म्हणजे पाटील सांगतात ते खरं?"

"ते सांगत्यात ना? मग खरंच असंल."

"उद्यापासून येऊ नकोस," साहेब म्हणाले आणि त्यांनी चष्मा परत चढवला.

पाचचा भोंगा झाला. पाऊस अजून तसाच कोसळत होता. माणसं डोक्यावर पोती घेऊन बसथांब्याकडे पळाली. महेबूब सायकलवरून गेला. जाताना त्यानं धोंडीरामकडे पाहिलंसुद्धा नाही. धोंडीराम मुद्दाम मागं राहिला. हातपाय धुतले, कपडे बदलले, सगळे गेल्याची खात्री केली. महिन्याभरात पहिल्यांदाच त्याला मोकळा श्वास घेता येत होता.

गेटच्या छपरीखाली भिमाजी उभा होता.

धोंडीरामनं छत्री उघडली आणि खाली मान घालून पुढं निघाला. मागून पाण्यात पावलं वाजली. तो गर्रकन वळला. छत्री मिटून त्यानं काठीसारखी उगारली. पाऊस तोंडावर बसत होता.

"मागं हो! एक पाऊल पुढं टाकलंस तर डोकं फोडीन."

भिमाजी जागच्या जागी थांबला. त्यानं आधी गेटकडे पाहिलं, मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. जवळपास चिटपाखरू नव्हतं. तरी त्यानं आवाज खाली आणला.

"भिऊ नको. कुणाला बोलणार नाय मी. आईला सांगतो, समदं नाशिक पालथं घातलं, पण दादा काय घावला नाय."