वारा सरेपर्यंत

आतड्याचं ऑपरेशन होऊनही हेमलताच्या सासूबाईंचं पोट फुगलेलंच होतं.

"आतडी अजून झोपलेली आहेत. वारा सरला, की ती जागी झाली समजायचं. सरला का, आजी?" डॉक्टरांनी विचारलं.

सासूबाईंनी नकारार्थी मान हलवली. समोर त्यांचे मोठे दीर जप करत बसले होते. त्यांच्यासमोर पदर घ्यायची जन्माची सवय, म्हणून सासूबाईंनी चादरच डोक्यावर ओढली होती.

"मग संध्याकाळी पुन्हा पोट उघडावं लागेल."

हेमलताने सासूबाईंकडे पाहिलं. पहिल्याच ऑपरेशनातून त्या कशाबशा वाचल्या होत्या.

संध्याकाळी स्ट्रेचर लिफ्टमध्ये घेतलं. दीर बाहेरच राहिले. दार मिटताच सासूबाईंनी हेमलताचा हात घट्ट धरला.

"अगं, सकाळीच सरला. भाऊजी समोर असताना सांगू तरी कशी?"