दुसरा हात

दुहेरी गाठ.

संत्र्याची अर्धी चावलेली फोड, चिखलात.

शॅनन नदीवरून आडवा येणारा पाऊस.

एकाच पट्टीत बांधलेली दोन बोटं.

अकरा–नऊ. नऊ आपले.

लिमरिक शहरातल्या शाळांच्या रग्बीचा उपांत्य सामना, शेवटची किक. बसली तर तीन गुण आणि फायनल. हुकली तर बस, आंघोळ, घर.

कॉर्मकने बॉल उभा केला. वाऱ्याने पाडला. पुन्हा उभा केला. पुन्हा पडला.

"खिळा ठोक रे त्याला!" समोरच्या संघातला एक आडदांड पोरगा ओरडला.

"तुझ्या डोक्यात ठोकतो. तिथं जागा रिकामीच आहे," टाइग म्हणाला आणि चिखलात पालथा पडला. वारा असला की कुणीतरी आडवं पडून बॉलच्या टोकावर बोट टेकवायचं, बूट लागेपर्यंत. त्यांच्या शाळेत तो मान नऊ नंबरच्या पोराचा. म्हणजे टाइगचा.

कॉर्मक मागे सरकेना. तो बॉलकडे बघतच नव्हता. टाइगच्या उजव्या हातावरच्या पट्टीकडे बघत होता.

मागच्या महिन्यात सरावात त्या पट्टीतलं एक बोट कॉर्मकच्याच बुटाने मोडलं होतं. आज त्याच्या दोन किक वाया गेल्या होत्या. "वारा बघ पोरा, वारा!" सर बाहेरून ओरडत होते. पण वाऱ्याचा दोष नव्हता. टाइगला अगदी जवळून दिसलं होतं: शेवटच्या क्षणी कॉर्मकचा पाय आखडत होता.

"दुसऱ्या कुणाला तरी धरू दे," कॉर्मक पुटपुटला.

"कुणाला? फिंटनला? या वाऱ्यात तो स्वतःच उभा राहत नाहीये."

"टाइग, मस्करी नको."

टाइगने उजवा हात काढून घेतला. डावा पुढे केला. "हे घे. ताजं बोट. याची नि तुझी अजून ओळख नाही."

"आणि लागलं तर?"

"बोट माझं, काळजी माझी. तू बॉल मार. पुन्हा पाय आखडलास ना, तर जन्मात बोलणार नाही तुझ्याशी."

कॉर्मक मागे गेला.

मैदान गप्प झालं. तिथली रीतच तशी. किक कुणाचीही असो, शत्रूची का असेना, कुणी ब्र काढायचा नाही. तो आडदांड पोरगाही तोंड मिटून उभा राहिला. छत्र्यांवरचा पाऊस तेवढा ऐकू येत होता.

गाल चिखलात. टाइगला फक्त बूट दिसत होते. ते हलले. हळू, मग जोरात. बोट म्हणत होतं, नीघ. टाइगने श्वास रोखला.

या वेळी पाय आखडला नाही.

धप्प.

कुणी काहीच बोलेना. इतका वेळ माणसं गप्प राहतात का? मग खांबांखालचे दोन्ही झेंडे वर गेले, किक बसली होती, छत्र्या उडाल्या, लोक कुंपण ओलांडून आत घुसले.

"हात दाखव," कॉर्मक धापा टाकत परत आला. "डावा. दाखव ना रे."

"गारठलाय नुसता." टाइगने हात मनगटापर्यंत चिखलात रुतवला होता, तो तसाच ठेवला. आतलं बोट वळत नव्हतं. "तू जा. आधी ओरडून घे जा."

सकाळी बसमध्ये कॉर्मकने टाइगच्या बुटांच्या नाड्या बांधून दिल्या होत्या. उजव्या हाताने टाइगला अजून गाठ मारता येत नव्हती.