सनईवाल्याचा इशारा

“पुन्हा सनई फुंकली असणार ह्या माणसानं!” रुग्णवाहिकेत चढता चढता नर्स सुलभा खिलारे करवादली.

अपघातानंतर श्रीपती गुरवांच्या कवटीत तांदळाएवढं यंत्र बसवलं होतं. डोक्यातला दाब वाढला की ते थेट रुग्णालयाला इशारा द्यायचं. पण गुरवांनी गाल फुगवून सनईत दम भरला तरी दाब चढायचाच. ह्या आठवड्यात दोनदा सुलभा लग्नाच्या मांडवात धावत गेली होती, आणि दोन्ही वेळा गुरवांनी हसत तिला जेवायला बसवलं होतं.

“इशाराच बंद करून टाका ना, सिस्टर,” ड्रायव्हर वैतागून म्हणाला.

तिलाही तेच वाटत होतं. इशारा बंद करायच्या बटणावर बोट ठेवूनच तिने गुरवांना फोन लावला. तो त्यांच्या बायकोने उचलला.

“मावशी, आधी त्यांच्या हातातली सनई काढून घ्या!”

“सनई पेटीत हाय, बाई. सकाळपासनं डोकं धरून ओकतायत. आन् आता मला म्हणतायत, दोघी दोघी कशाला उभ्या ऱ्हायलाय? घरात मी एकटीच हाय.”

सुलभाने बटणावरचं बोट झटकन काढलं. ड्रायव्हरने भोंगा चालू केला.