बाबांच्या वहीतले आकडे

माहेरी आलेल्या लेकीने बाबांची रक्तदाबाची वही आपल्या फोनमधल्या तारखांशी ताडून पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. कॉलेजात ती संख्याशास्त्र शिकवायची. ज्या ज्या दिवशी तिने घरी फोन केला होता, नेमका त्याच दिवशी आकडा चढलेला.

"आई, यापुढे मी फोन कमी करते. माझ्याशी बोलून बाबांना त्रास होतो."

"अगं, उलटं वाचतेस! बीपी चढलं की मीच तुला मिस्ड कॉल देते."

"मला वाटायचं, तुलाच बोलायचं असतं."

"मला काय धाड भरलीय?"

लेक अजून वहीच उलटत होती. "पण मग फोननंतरचे आकडे कुठायत?"

"नंतर कोण मोजतंय? फोन ठेवला की हे शीळ घालत झाडांना पाणी द्यायला जातात."