सोमवारचं अंगण

कॅजिटनने बहिणीच्या अंगणाचं फाटक ढकललं आणि आतल्या सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. इतक्या वर्षांत तो इथे पहिल्यांदाच येत होता.

भाईंदरपलीकडच्या डोंगरीच्या किनाऱ्यालगत, माडांखाली नोराचं हे अंगण. महायुद्धात रंगूनवर बॉम्ब पडले, त्यात तिचा भाचा सॅम्युएल गेला. त्याच्याबरोबर वाजवणारा एक जण जंगलातून चालत, कसाबसा जीव वाचवून परतला, तेव्हा कुठे ही बातमी गावाला कळली. चर्चमध्ये त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा झाली. त्यानंतरचा हा पहिला सोमवार. वाजवणारं कुणी नव्हतं, तरी लोक आले होते.

सॅम्युएल कॅजिटनचा एकुलता एक मुलगा. त्याला चर्चच्या बँडमध्ये घातलं ते कॅजिटननेच, आणि मोठ्या हौसेने. पण पोरगा मुंबईला गेला, एका हॉटेलच्या जॅझ बँडमध्ये शिरला, आणि होडीवर बापाच्या जोडीला कुणी उरलं नाही. "सायबलोक दारू पिऊन नाचणार, आनि तू त्यांच्यापुढं पिपाणी वाजवणार?" कॅजिटन म्हणाला होता. "या घरात जाळं राहील, न्हायतर ती पिपाणी." सॅम्युएलने ट्रंपेट उचलली आणि आतेचं घर गाठलं. तेव्हापासून बापलेकांत एक शब्द नव्हता.

हॉटेलच्या बँडला सोमवारी सुट्टी. सॅम्युएल भाईंदरला उतरून डोंगरीला यायचा आणि दुपार कलली की अंगणात वाजवत बसायचा. पहिल्यांदा ऐकायला फक्त नोरा होती, बोंबील वाळत घालत. तो म्हणाला, "आते, काम करताना तू काय पुटपुटतेस, ते मोठ्याने म्हण ना." नोराने समुद्रात गेलेल्या नवऱ्यावर रचलेल्या ओळी म्हटल्या. प्रत्येक ओळीखाली त्याने हलकेच सूर धरला. कुंपणावरून ऐकणाऱ्या शेजारणींनी डोळ्यांना पदर लावले. पुढच्या सोमवारी त्याच आपापल्या ओळी घेऊन आल्या.

मग गोष्ट पसरत गेली. भाईंदरच्या मिठागरातून जिजाबाई आली. मिठाने खाल्लेल्या आपल्या पायांवर तिने ओळी म्हटल्या, आणि सॅम्युएलची ट्रंपेट तिच्यामागून अशी लंगडत चालली की लोकांना हसावं की रडावं कळेना. राई गावचा रामनाथ गाडीवान मेलेल्या बैलाबद्दल बोलला. त्याच्याच गाडीतून सॅम्युएलचे मुंबईचे सोबती ड्रम घेऊन आले. नियम एकच होता: शब्द स्वतःचे हवेत. कोळणी, आगरी, चर्चचा घंटा वाजवणारा म्हातारा, सगळे एकाच चटईवर मांडी घालून बसायचे. अंगण पुरेना, तेव्हा नोराने कुंपण मागे सरकवलं.

कॅजिटन मात्र आत आला नाही. होडी लावून झाली की तो कुंपणापलीकडच्या वाळूत, अंगणाकडे पाठ करून, जाळं सांधत बसायचा. कुणी विचारलंच तर म्हणायचा, हितं वारा बरा लागतो. कोणती बाई कुठल्या शब्दाला अडखळते, हेसुद्धा त्याला पाठ झालं होतं. ट्रंपेट वर चढली की त्याचे हात थांबायचे. कितीदा मनात आलं, उठावं आणि फाटकापर्यंत जावं. पुढच्या सोमवारी जाऊ, असं म्हणत तो सांधत राहिला. मग एका सोमवारी अंगण सुनं दिसलं. पोरगा बँडबरोबर रंगूनला गेला, हे त्याला बाजारात कुणाकडून तरी कळलं.

आज तो सरळ बोलणाऱ्यांच्या जागी जाऊन उभा राहिला. डोक्यावरची टोपी काढून त्याने छातीशी धरली.

"मला रचाया येत न्हाय," तो म्हणाला. "येवडंच सांगायचं हाय. मी ऐकत व्हतो. दर सोमवारी. पोराला वाटलं आसंल, बापाला माजा सूरसुद्धा नको. तेच मनात घेऊन गेला तो. त्याला कळलंच न्हाय."

नोरा उठून जवळ आली. तिने त्याच्या दंडाला धरलं.

"कळलं व्हतं, दादूस."

कॅजिटन तिच्याकडे वळला.

"तू वाळूत येऊन बसल्याबिगर तो ट्रंपेट तोंडाला लावायचा न्हाय."

"मंग मला बोलली का न्हाईस?"

"शपथ घातली व्हती त्यानं. मी थांबतो ते बापसाला कळलं तर उठून जाईल, म्हणायचा. येवडं तरी ऐकू दे, म्हणायचा."

कॅजिटनने अंगणावरून नजर फिरवली. रामनाथ जमिनीकडे बघत होता. शेजारणींनी माना खाली घातल्या होत्या. एकालाही यातलं काही नवं नव्हतं.

जिजाबाईनेच शेवटी तोंड उघडलं.

"एकदा वाऱ्यानं तुमची होडी सांज झाली तरी लागली न्हवती, कॅजिटनभाऊ. लोकं खोळंबली. मला पार भाईंदरपर्यंत चालत जायचं व्हतं. मी म्हटलं, बाबा, सुरू कर आता. तर म्हणाला, माजा बापूस आजून आला न्हाय. मंग काय, आमी सगळी गाणी ठेवली बाजूला, आनि दर्याकडं तोंड करून बसलो."