मूळ चाल

प्राध्यापकांचा एका लोकगीतावरचा जाडजूड ग्रंथ छापून आला. पहिली प्रत द्यायला ते स्वतः आजींच्या घरी गेले, कारण ते गाणं आजींनीच तीन वर्षांपूर्वी त्यांना म्हणून दाखवलं होतं.

"लय संथ, पट्टी खालची, भाव वैराग्याचा," त्यांनी वाचून दाखवलं. "'जावयाची ढेरी' म्हणजे संसाराचं ओझं. आणि प्रत्येक ओळीनंतरचा दीर्घ विराम ही मृत्यूची चाहूल."

आजींनी तोंडावर हात धरला. त्यांना हुंदका आला असावा, असं प्राध्यापकांना वाटलं.

"अहो, तेव्हा मला धाप लागायची!" आजींना हसू आवरेना. "आता औषध लागू पडलंय. ढेरी म्हणजे ढेरीच हो. जावयाची टिंगल करायचं गाणं आहे ते, नाचत म्हणायचं."

आणि आजींनी टाळ्या पिटत, चढ्या आवाजात, अख्खं गाणं एका दमात म्हटलं. ओट्यापाशी उभ्या सुनेनेही झकास साथ दिली.

प्राध्यापकांचा चेहरा पडला. पण ते हार मानणारे नव्हते. दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी तळटीप घातली : 'खेदाची बाब म्हणजे, खुद्द मूळ गायिकाही अलीकडे हे गीत चुकीचं गाऊ लागली आहे.'