डोळ्यांची आखणी

निसीम बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला ज्यू, पण पोट पेणच्या गणपती कारखान्यावर. सोंड, पितांबर, उंदीर, सगळं तो रंगवायचा. डोळ्यांना मात्र त्याने कधी ब्रश लावला नाही. आपल्या धर्मात मूर्तीला देव करत नाहीत आणि डोळे उघडेपर्यंत ती नुसती शाडूची माती, असं त्याने स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं.

यंदा चतुर्थी आठवड्यावर आली आणि डोळे आखणाऱ्या हैबतरावांच्याच डोळ्याचं ऑपरेशन निघालं. कारखान्याच्या मालकीणबाई, मालूवहिनी, निसीमसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"निसीमभाऊ, तूच काढ डोळे. निम्म्या रोह्याचे गणपती अडलेत."

"नाय जमायचं, वहिनी."

"अरे, देव भटजी करतात. तू नुसता रंगव."

"मग डोळेपण भटजींनाच काढू दे."

"तुझ्या पोरीच्या, शीराच्या मेंदीला अख्खी आळी राबली. आता आळीचं काम निघालं, तर तुझा धर्म मधी आला व्हय?"

निसीमने हातातला पितांबराचा ब्रश खाली ठेवला. मग त्याने सगळ्यात बारीक ब्रश उचलला आणि गाड्या भरायच्या आत एकूण एक मूर्तीला डोळे काढून दिले.

मिटलेले.

"झोपलेला गणपती कोण नेणार?" वहिनींनी कपाळाला हात लावला. पण आता दुसरा इलाज नव्हता. त्यांनी गिऱ्हाइकांना सांगितलं, ध्यानस्थ आहे.

 

पुढच्या वर्षीच्या ऑर्डरी विसर्जनाआधीच आल्या. सगळ्यांची अट एकच, डोळे त्याच माणसाच्या हातचे हवेत.